कॉप २९, बाकू: पहिल्यांदा जाणाऱ्या ज्युनिअरसाठी माझ्या कामाच्या नोंदी

कोणासाठी ते आधी सांगतो. मी परराष्ट्र खात्यातला ज्युनिअर अधिकारी, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेला (कॉप) पहिल्यांदाच गेलो, २०२४ ची ही २९ वी, अझरबैजानच्या बाकूला. काम भाषणं करायचं नव्हतं, नोट्स घ्यायच्या, मसुद्याचं टेक्स्ट ट्रॅक करायचं आणि रात्री रिपोर्ट पाठवायचा. माझ्याकडे दोन आयटम होते, एक एनसीक्यूजी म्हणजे हवामान निधीचं नवीन लक्ष्य आणि दुसरा जस्ट ट्रान्झिशन, म्हणजे कोळसा-तेल सोडताना त्यावर पोट असलेल्यांवर अन्याय होऊ नये हा विषय. डायरीत रोज चार ओळी खरडत होतो त्या इथे नीट उतरवल्यात, आतल्या चर्चा गाळून. पॅरिस करार काय आहे वगैरे सांगत बसणार नाही, ते सगळीकडे मिळतं. काय चुकलं आणि किती वेळ-पैसा गेला तेवढं लिहितो.

१८ ऑक्टोबर, दिल्ली

यादीत नाव आलं. पहिली चूक आजच केली पण ती कळली २३ दिवसांनी. रजिस्ट्रेशनसाठी नाव मागितलं तर मी ऑफिसच्या ओळखपत्रावर आहे तसं दिलं, म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर आणि आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव पूर्ण आहे. मराठी माणसांनी हे खास लक्षात ठेवा, आपली तीन तुकड्यांची नावं बाहेरच्या सिस्टिमना झेपत नाहीत.

हॉटेल शोधायला बसलो तर दर बघून डोळे पांढरे. सोबतच्या एकाने आयडिया काढली की शेजारच्या जॉर्जियात तिबिलिसीला राहू आणि ट्रेनने ये-जा करू. नकाशावर दिसतंही जवळ. पण अझरबैजानच्या जमिनीवरच्या सीमा २०२० च्या कोविडपासून प्रवाशांसाठी तेव्हा बंदच होत्या, आत यायचं ते विमानानेच. त्या आयडियावर अर्धी दुपार घालवली.

८ नोव्हेंबर, दिल्ली

परतीचं तिकीट २३ नोव्हेंबर संध्याकाळचं काढलं. परिषद २२ ला संपणार, एक दिवस मोकळा धरला, स्वतःला शहाणा समजत होतो. आमच्या खात्यातले माझ्याहून ६ बॅच सीनिअर सर आहेत, मूळचे सोलापूरचे, आपापसात मराठीतच बोलतो. ते म्हणाले, "अरे बाबा, २०१९ ला माद्रिदला जवळजवळ दोन दिवस लांबलं होतं, २५ चं काढ." मी म्हणालो बघू सर. बघितलं पुढे.

१० नोव्हेंबर, बाकू

बाकू ऑलिम्पिक स्टेडियम हे ठिकाण. २०१५ च्या युरोपियन गेम्ससाठी बांधलेलं, जवळपास ६८ हजार खुर्च्या. परिषद खुर्च्यांवर नाही, आत-बाहेर उभारलेल्या तात्पुरत्या हॉलमध्ये. सिक्युरिटी एअरपोर्टसारखी, बेल्ट काढा लॅपटॉप काढा, रोज, दिवसातून जितक्या वेळा बाहेर जाल तितक्या वेळा.

बॅज काउंटरवर नाव जुळेना. चूक माझीच. आपल्याकडून दुरुस्तीचा मेल जाईपर्यंत १ तास ४० मिनिटं एका खांबाला टेकून उभा, तोवर सकाळची ग्रुपची समन्वय बैठक संपलेली. बॅज मिळाला तेव्हा त्यावर 'पार्टी' असं छापलेलं, म्हणजे करारातला पक्ष देश. फोटो घरी पाठवला तर बहिणीचा रिप्लाय, सरकारी पैशाने पार्टी का?

खर्चाचंही आत्ताच सांगतो. चलनाचं नाव मनात. तेव्हा १ डॉलरला १.७ मनात, म्हणजे एक मनात साधारण ५० रुपये. आईला फोनवर सांगितलं "जेवणात वीस मनात गेले" तर ती म्हणे मनात काय गेलं, बरा आहेस ना. आतल्या एका काउंटरवर सँडविच आणि कॉफीचे २० मनात दिले, हजार रुपये, आणि सँडविच फ्रीजमधून काढलेलं थंडगार. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलच्या नाश्त्यातली दोन उकडलेली अंडी आणि ब्रेड रुमालात बांधून न्यायला लागलो. लाज वाटायची, चौथ्या दिवशी बघितलं तर अर्धं जग तेच करत होतं.

प्लगचं: तिथे युरोपसारखे दोन गोल पिनचे सॉकेट. मोबाईलचा आपला दोन पिनी चार्जर बसतो, लॅपटॉपचा जाड तीन पिनी बसत नाही. अ‍ॅडॅप्टर एकच नेला होता. दोन न्या, एक हमखास कोणीतरी मागून नेतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

उद्घाटन. मला वाटलं होतं सकाळी उद्घाटन, दुपारी काम सुरू. अजेंडाच मंजूर होईना. काय चर्चेला घ्यायचं यावरच दिवसभर ओढाताण, त्यात एक मुद्दा बेसिक गटाचा (ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत, चीन) की युरोपच्या कार्बन सीमा करासारख्या एकतर्फी व्यापारी उपायांवर चर्चा हवी. अजेंडा मंजूर व्हायला रात्र उजाडली. त्याच रात्री पॅरिस कराराच्या कलम ६.४ च्या कार्बन बाजाराचे नियम मात्र पटकन मंजूर करून टाकले, आयोजकांना पहिल्या दिवशी एक यश दाखवायचं असतं.

माझी चूक: प्लेनरी, म्हणजे सगळ्या देशांची एकत्र बैठक, पुढे ढकलली ढकलली म्हणून मी ५ तास हॉलमध्येच बसून राहिलो. बसायचं कारण नव्हतं. कॉरिडॉरमध्ये टीव्ही स्क्रीन आहेत त्यावर पुढची वेळ येते, आणि खरं काय चाललंय ते हॉलबाहेर घोळक्यांत चालतं. सर दिवसभर कॉफी मशीनपाशी उभे होते आणि त्यांना माझ्यापेक्षा दहापट माहिती होती.

१२ नोव्हेंबर

राष्ट्रप्रमुख आले. यजमान राष्ट्राध्यक्ष अलियेव यांनी भाषणात तेल आणि वायू ही देवाची देणगी आहे हे पुन्हा ठासून सांगितलं. ओव्हरफ्लो रूममध्ये स्क्रीनवर ऐकत होतो, माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने कानातला हेडफोन काढून त्याच्याकडे बघितलं, भाषांतर चुकलं की काय म्हणून.

निधीच्या आयटमवर सुरुवातीलाच जी७७ आणि चीनने, म्हणजे आपण सगळे विकसनशील देश, समोर ठेवलेला मसुदा नाकारला. यावर चर्चा होणार नाही, आमचे मुद्दे घेऊन नवीन आणा.

रात्री पहिला रिपोर्ट लिहिला, ११ पानं. कोण काय बोललं ते सगळं, क्रमाने. सरांनी मोबाईलवर वरखाली केला आणि म्हणाले, "एवढं कीर्तन कोण वाचणार? कुठला पॅरा, कोण अडलं, कशावर अडलं, आपण काय म्हणालो. दीड पान." परत लिहिला, झोपायला २ वाजले. दिल्ली बाकूपेक्षा दीड तास पुढे आहे हे विसरू नका, तिकडे ९ ला टेबलवर हवं म्हणजे इथे साडेसातच्या आत गेलं पाहिजे.

१३ नोव्हेंबर

नवीन टेक्स्ट आलं, ३४ पानं. सगळ्यांनी सगळं घातलेलं. ज्याला जे मान्य नाही ते चौकटी कंसात, आणि कंसात कंस. एका पॅऱ्यात मी मोजले, १७ कंस, त्यातला एक उघडलेला होता पण बंद केलेलाच नव्हता.

इथे मी खूप मेहनतीने एक टेबल बनवलं. पॅरा नंबर, पर्याय, कोणाचा, आपली भूमिका, चार रंग. सहा तास लागले. खूश होतो. (हे टेबल पुढे कसं मेलं ते १६ तारखेला बघा.)

आज अर्जेंटिनाने आपलं अख्खं डेलिगेशन परत बोलावलं. दुपारी कॉरिडॉरमध्ये कोणीतरी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर

जस्ट ट्रान्झिशनचं 'इन्फॉर्मल इन्फॉर्मल' होतं. म्हणजे को-फॅसिलिटेटरशिवाय (चर्चा चालवायला नेमलेले) देशच आपापसात टेक्स्टवर बसतात, रूम आयत्या वेळी ठरते आणि बदलतेही. मी मोबाईलवर सकाळी काढून ठेवलेला स्क्रीनशॉट बघून एका रूमबाहेर ४० मिनिटं बसलो, आत दुसऱ्याच विषयाची मीटिंग चालू होती. खऱ्या रूममध्ये पोचलो तेव्हा आपल्याला नको असलेलं एक वाक्य कंसाबाहेर आलेलं. परत कंसात घालायला पुढचे दोन दिवस गेले. एकदा कंस गेला की परत मागताना तुम्ही आडमुठे दिसता.

उपाय: स्क्रीनशॉट काढूच नका. त्या आयटमच्या ग्रुप कोऑर्डिनेटरचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या, आणि दुसऱ्या एखाद्या देशाच्या तुमच्यासारख्याच नोट्सवाल्याशी दोस्ती करा. माझी एका आफ्रिकन देशाच्या मुलीशी झाली, आम्ही एकमेकांना फक्त रूम नंबर पाठवायचो. दोन आठवड्यांत एकही दुसरा शब्द नाही, शेवटच्या दिवसापर्यंत.

१५ नोव्हेंबर

पायांची वाट. नवे काळे बूट घालून आलो होतो, दिवसाला १५-१६ हजार पावलं, टाचेला फोड. बाकू वाऱ्याचं शहर म्हणून प्रसिद्ध आहे, शटल बसच्या रांगेत कॅस्पियनवरून येणारा वारा कानात शिरतो, तापमान १० च्या आसपास असलं तरी जास्त झोंबतं. कानटोपी घरी राहिली होती. फार्मसीत पट्ट्या आणि मलम ९ मनात. त्यानंतर काळे स्पोर्ट शूज सूटवर. कोणीही पायाकडे बघत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पहिला आठवडा संपला. निधीचं टेक्स्ट २५ पानांवर आलं आणि सगळे पॅरा नंबर बदलले. माझं रंगीत टेबल पूर्ण कचरा. जुन्या १४ चं काय झालं, तो आता २२ आहे, की अर्धा २२ आणि अर्धा ३१ मध्ये गेलाय, की उडवलाच, हे शोधायला रात्रीचे साडेचार तास गेले आणि तरी दोन पॅरा सापडले नाहीत.

सकाळी सरांनी त्यांची वही दाखवली. शाळेची दोनशे पानी असते तशी. पॅरा नंबर कुठेच नाहीत, एका विषयाला एक पान. 'आकडा', 'देणारे कोण', 'अनुदान की कर्ज', 'कोणाला मिळणार', 'हिशेब कोण तपासणार', 'कधीपर्यंत'. प्रत्येक मसुद्यातलं त्या विषयाचं वाक्य तारखेसकट एकाखाली एक उतरवलेलं, हाताने. वरून खाली वाचलं की वाक्य कसं पातळ होत गेलं ते दिसतं. मी तेच केलं, फक्त लॅपटॉपवर. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर किमान १० तास वाचले असते, आणि या सगळ्या नोंदींतलं काही एकच उचलणार असाल तर हे उचला.

दुसरं म्हणजे क्रियापदाखाली रेघ मारायची. 'डिसाइड्स' सगळ्यात जड. 'अर्जेस', 'इन्व्हाइट्स', 'कॉल्स ऑन' हे सगळे त्याहून हलके. आणि 'शॅल' म्हणजे बंधन, 'शुड' म्हणजे जमलं तर बघा. पॅरिसला २०१५ मध्ये शेवटच्या क्षणी एका 'शॅल'चं 'शुड' करावं लागलं होतं, अमेरिकेसाठी, टायपिंगची चूक म्हणून दुरुस्त केलं, आणि ती दुरुस्ती होईपर्यंत अख्खी प्लेनरी थांबली होती.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. झोपायचं ठरवलं होतं पण सर म्हणाले चल, बाकूजवळ सुराखानीला आतेशगाह, म्हणजे जुनं अग्निमंदिर, बघून येऊ. टॅक्सीने थोडंसंच अंतर, ७ मनात.

दगडी तटबंदी, आत अंगण, मधे चार खांबांवर घुमटी आणि त्यात जाळ. कडेने यात्रेकरूंच्या खोल्या. सतराव्या-अठराव्या शतकात इथे भारतातले व्यापारी आणि साधू यायचे राहायचे, जमिनीतून आपोआप निघणारा गॅस पेटलेला त्याची पूजा. खोल्यांच्या दारांवर शिलालेख आहेत, काही गुरुमुखीत आणि काही देवनागरीत. मी मान वर करून बघितलं आणि एका पाटीवर चक्क श्री गणेशाय नमः. पुढची अक्षरं मोडीसारखी वेडीवाकडी नव्हती, देवनागरीच, पण झिजलेली, शिरोरेघा कुठे आहेत कुठे नाहीत, मला ज्वालाजी एवढं लागलं आणि संवत १८०२. आठवडाभर इंग्रजी कंस वाचून डोळे गेलेले आणि कॅस्पियनच्या काठावर ही पाटी. राखणदार शेजारी येऊन उभा राहिला, बोटाने दाखवून म्हणाला, "हिंदिस्तान?" मी म्हणालो हो, हिंदिस्तान. त्याने खुणेने सांगितलं वाच. मोठ्याने वाचलं. त्याने मान डोलावली आणि एक शब्द परत म्हणून बघितला, "गणेशाय".

तिथला जाळ आता नैसर्गिक नाही. भोवतालचा गॅस उपसून उपसून १९६९ मध्ये ज्योत विझली, आता पाइपलाइनने गॅस आणून पेटवतात. सर म्हणाले, परिषद इथेच भरवायला हवी होती.

परत येताना चहा, नासपतीच्या आकाराच्या नाजूक ग्लासात, सोबत चेरीचा मुरंबा. साखरेऐवजी तो चमच्याने तोंडात ठेवायचा आणि वरून चहा. ४ मनात, आख्ख्या ट्रिपमधले सगळ्यात वसूल.

१८ ते २० नोव्हेंबर

मंत्री आले आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या रिकाम्या झाल्या. तिकडे रिओत जी२० चालू, सगळे तिथून काही निरोप येतो का बघत होते. १९ ला आपलं राष्ट्रीय निवेदन झालं. माझं काम गाडी कुठे उभी राहील, कोणाची भेट कुठल्या खोलीत, पाण्याच्या बाटल्या. एका द्विपक्षीय भेटीला मी दोन्ही देशांना वेगवेगळी खोली कळवली. एक मंत्री एका टोकाला आणि दुसरे दुसऱ्या, मधे स्टेडियमचा अर्धा घेर. ११ मिनिटं उशीर, २० मिनिटांची भेट ९ मिनिटांत उरकली. त्याबद्दल जे ऐकलं ते लिहीत नाही. तेव्हापासून खोली कळवताना समोरच्याकडून "रूम अमुक, बरोबर ना" असा उलट मेसेज आल्याशिवाय काम झालं असं धरत नाही.

जस्ट ट्रान्झिशन हलेना.

२१ नोव्हेंबर

सकाळी निधीचं नवीन टेक्स्ट, फक्त १० पानं. प्रिंटरपाशी धक्काबुक्की. आकड्याच्या जागी एक्स. २००९ ला कोपनहेगनला ठरलेलं १०० अब्ज डॉलरचं लक्ष्य, जे २०२० पर्यंत गाठायचं होतं आणि ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्याच हिशेबाने २०२२ मध्ये गाठलं गेलं, त्याच्या जागी काय येणार यासाठी अख्खी परिषद, विकसनशील देश वर्षाला १.३ ट्रिलियन मागतायत, आणि दहा दिवसांनी कागदावर एक्स. शाळेत एक्स काढायला निदान समीकरण तरी द्यायचे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी संपायचा दिवस. दुपारी टेक्स्ट आलं, आकडा आला: २०३५ पर्यंत वर्षाला २५० अब्ज डॉलर.

रिपोर्टमध्ये रुपयांत पण दे म्हणून सांगितलं होतं. मी घाईत २.१ लाख कोटी लिहिलं आणि पाठवायच्या आधी सरांना दाखवलं. त्यांनी काही न बोलता पेन काढून मधला पॉइंट खोडला. २५० अब्ज म्हणजे २५ हजार कोटी डॉलर, गुणिले ८४, म्हणजे २१ लाख कोटी. बिलियन-ट्रिलियनचं लाख-कोटी करताना झोपेत चुकतंच, मी आता एक चिठ्ठी लॅपटॉपला चिकटवलीय: १ अब्ज = १०० कोटी, १ ट्रिलियन = १ लाख कोटी. हसाल, पण रात्री १ ला करून बघा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज काय काय झालं ते नीट क्रमाने आठवतही नाही. सकाळी ११ ला हॉटेलचं चेकआउट, रूम पुढच्या पाहुण्याला दिलेली, वाढवून मिळेना. बॅग लॉबीत ठेवली, घाईत लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर बॅगेतच राहिला. संध्याकाळच्या फ्लाइटचं काय करायचं ते दुपारी ३ पर्यंत ठरवता आलं नाही, मग बदललं, ११,४०० रुपये दंड. सरांचं तिकीट अर्थातच २५ चं.

दुपारी छोट्या बेटांचे देश आणि सर्वात कमी विकसित देश परिषदेच्या अध्यक्षांसोबतच्या चर्चेतून उठून बाहेर पडले. मी कॉरिडॉरमध्येच होतो, अचानक कॅमेरे पळायला लागले, मधे ती माणसं चालत चालली आहेत, चेहरे दगडासारखे. माझी रूम-नंबरवाली मैत्रीण त्यात होती. तिने बघून हात केला आणि पहिल्यांदा वेगळा मेसेज पाठवला: 'आता रूम नाही.'

तिकडे पॅव्हेलियन उकलायला घेतलेले, ड्रिल मशीनचा आवाज. खायला काही मिळेना, सकाळची अंडी सकाळीच संपली होती. बॅगेत तळाशी आईने दिलेली शेंगदाण्याची चिक्की सापडली, तुकडे तुकडे झालेली, ती आम्ही पाच जणांनी खाल्ली, त्यातले दोघे कुठल्या देशाचे होते ते अजून माहीत नाही. (पॅकिंगच्या यादीत चिक्की, राजगिरा वडी, भडंग यातलं काहीतरी पाहिजेच. भडंगाचा वास येतो हे लक्षात घ्या.)

२४ नोव्हेंबर, रविवार पहाटे

रात्री प्लेनरी सुरू झाली. निधीचा ठराव आला तेव्हा पहाटेचे ३ वाजत आले होते. आकडा आता ३०० अब्ज, २०३५ पर्यंत. मी मागच्या रांगेत, लॅपटॉप ४ टक्के, म्हणून वहीवर लिहीत होतो. अध्यक्ष बाबायेव यांनी ठराव वाचला आणि मान वर न करता हातोडा मारला. मधे किती सेकंद गेले ते मोजता येणार नाही, माझ्या वहीत 'ऑब्जेक्श' एवढंच आहे आणि पुढे पेन घसरल्याची रेघ. लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले.

मग आपल्याला बोलायला मिळालं. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना बोलल्या, आमचं म्हणणं न ऐकता हे मंजूर झालं, आम्ही याला विरोध करतो, हा दस्तऐवज म्हणजे दृष्टिभ्रमापलीकडे काही नाही. हॉलमध्ये टाळ्या झाल्या, या वेळी वेगळ्या लोकांच्या. नायजेरियाने पाठिंबा दिला आणि ३०० अब्जांना थट्टा म्हटलं. ठराव मंजूर तो मंजूरच राहिला. हातोडा पडल्यानंतरचं बोलणं नोंदवलं जातं, ठराव त्याने हलत नाही.

रिपोर्टसाठी विषयांची पानं उघडली तेव्हा त्या विषयवार पद्धतीचा खरा उपयोग झाला. 'देणारे कोण' या पानावर पॅरिस कराराच्या कलम ९.१ मध्ये विकसित देश निधी 'देतील', तिथे शॅल आहे. शेवटच्या ठरावात विकसित देश 'पुढाकार घेत' ३०० अब्जांचं लक्ष्य, आणि पैसा सरकारी खाजगी सगळीकडून. 'आकडा' या पानावर १.३ ट्रिलियनसुद्धा आहे बरं का, गेलेला नाही, पण त्याच्या मागचं क्रियापद 'कॉल्स ऑन', आणि कोणाला आवाहन, तर सर्व घटकांना. म्हणजे मलाही आणि तुम्हालाही. ३०० ला 'डिसाइड्स' आणि १.३ ला 'कॉल्स ऑन', सगळा रिपोर्ट या दोन शब्दांत बसत होता. पाऊण पान झालं. सरांनी वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि म्हणाले पाठव.

जस्ट ट्रान्झिशनवर काहीही ठरलं नाही, सगळं पुढच्या जूनमधल्या जर्मनीतल्या बॉनच्या बैठकीवर ढकललं. माझ्या वहीप्रमाणे त्या एका आयटमवर ३१ तास. ज्या वाक्याचा कंस परत मिळवायला दोन दिवस घालवले ते वाक्यच आता अस्तित्वात नाही.

उजाडल्यावर लॉबीत बॅगेवर डोकं ठेवून झोपलो. बुटांसकट.

२५ नोव्हेंबर, दिल्ली

हिशेब. दैनिक भत्त्यात काय बसलं काय नाही ते सोडून खिशातून गेलेले: तिकीट बदल ११,४००, पट्ट्या-मलम ४५०, दुसरा अ‍ॅडॅप्टर (शेवटी घेतलाच, एअरपोर्टवर, सगळ्यात महाग) १,३००, पावती हरवलेल्या तीन टॅक्सी साधारण १,१००. तिकिटाचे पैसे मागायला अर्ज केलाय, 'परिषद लांबली' याला पुरावा काय जोडायचा असा प्रश्न आला. हातोड्याच्या बातमीचं कात्रण जोडलं.

वाया गेलेला वेळ, जो टाळता आला असता: बॅज पावणेदोन तास, पहिल्या दिवशीची प्लेनरी ५, रंगीत टेबल आणि त्याचं पोस्टमार्टम साडेदहा, चुकीची रूम पाऊण तास अधिक त्याचे दोन दिवस.

३४ मनात उरलेत. इथे कोणी बदलून देत नाही, एअरपोर्टवरच संपवायचे होते.

विषयवार वहीची कोरी प्रत करून ठेवलीय, सहा पानांची, बॉनला जो जाईल त्याच्यासाठी. जस्ट ट्रान्झिशनचं वेगळं पान मात्र भरलेलं ठेवलंय, तिथे सुरुवात त्याच शेवटच्या ओळीपासून करायची आहे. यादी जाहीर झाली नाहीये. सरांनी सकाळी फोन करून एवढंच विचारलं, "पासपोर्टवर नाव कसं आहे तुझं, पूर्ण सांग."